वाळूत अंडी घालणारा पक्षी जागा कशी निवडतो? उधाणाआधी आम्ही काही करावं का?

पुळणीवरची

नमस्कार मंडळी. आमचं घर दापोली तालुक्यात, खाडी समुद्राला मिळते तिथल्या पुळणीलगत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढचं वाचलंत की कारण कळेल.

शनिवारी सकाळी ओहोटीला सासूबाई आणि मी तिसऱ्या (शिंपले) काढायला खाडीच्या तोंडाशी गेलो होतो. परत येताना पायापुढून एक छोटा पक्षी सुर्रकन धावत सुटला. थोडा पुढे गेला आणि एक पंख वाळूवर ओढत लंगडायला लागला. सासूबाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पाय उचलू नको, अंडी असणार." खरंच होती. माझ्या पावलापासून हातभर अंतरावर चार अंडी, निमुळती टोकं मधोमध जुळवून ठेवलेली. रंग वाळूचा, वर बारीक काळसर ठिपके आणि रेघोट्या. नजर हटली की पुन्हा शोधावी लागत होती. खाली खळगा जेमतेम बोटभर खोल, आणि त्यात शिंपल्यांचे पांढरे कपचे पसरलेले.

पक्षी चिमणीपेक्षा थोडा मोठा. पाठ मातकट, पोट पांढरं, गळ्यात काळा पट्टा. डोळ्याभोवती पिवळंधमक कडं, ते तर लांबूनही दिसतं.

मला पडलेला प्रश्न असा. त्या जागेपासून वीस-पंचवीस पावलांवर मर्यादवेलीचं दाट जाळं आहे. त्याच्या मागे सुरूचं बन आहे, सावली आहे. ते सगळं सोडून ही बाई भर उन्हात, उघड्या वाळूवर का बसली असेल? जागा निवडताना हे पक्षी नेमकं बघतात तरी काय?

दुसरं म्हणजे, गुरुवारी पौर्णिमा आहे. उधाणाचं पाणी वर चढणार. आमच्या भागात कासवाची अंडी उचलून वर जाळीच्या कुंपणात नेऊन पुरतात, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तसं ही अंडी दहा-बारा पावलं वर सरकवली तर? माझे दीर म्हणतायत, चार काठ्या रोवून वर झाप टाकू म्हणजे सावलीही होईल, आणि लाल फडकं लावू म्हणजे कुणाचा पाय पडणार नाही. करू का? लवकर सांगा.

कासवमित्र_७

ताई, अंडी हलवू नका. मी काही वर्षं कासवांच्या कामात आहे, म्हणून आधी हेच सांगतो. कासवीण अंडी घालून, वाळू लोटून समुद्रात निघून जाते, परत येत नाही. उबवायचं काम वाळूची ऊब करते. म्हणून ती अंडी वेळेत आणि नीट हाताळून दुसरीकडे पुरली तर चालतं. पक्ष्याच्या अंड्यांना आई-बाप लागतात, आणि आई-बाप त्या जागेवर येतात. अंडी दहा पावलं सरकली तर ते जुन्या खळग्यावरच येऊन उभे राहण्याची शक्यता मोठी.

शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटं विस्कटणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं. तुमचा हेतू चांगला आहे, पण हे माहीत असू द्या. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे कळवून ठेवा.

जागा कशी निवडतात ते मास्तर नीट सांगतील. ते इथे असतातच.

मास्तर_देवगड

ताई, पहिल्यांदा तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. लंगडणारा पक्षी दिसला की माणूस त्याच्या मागे जातो, आणि तेवढ्यात अंडी पायाखाली येतात. जागच्या जागी थांबायचं हे ज्यांना न शिकवता कळतं, त्यांच्यामुळे अशी घरटी वाचतात.

तुमचा पक्षी म्हणजे छोटा कंठेरी चिखल्या. डोळ्याचं पिवळं कडं आणि गळ्यातला अखंड पट्टा एकत्र दिसला की शंका उरत नाही. हिवाळ्यात आपल्या पुळणीवर लाटेमागे धावणारे जे छोटे पक्षी दिसतात, त्यातले बहुतेक पाहुणे. उन्हाळा लागला की निघतात. कुणी तिबेटच्या पठारावर जातो, कुणी थेट आर्क्टिकला, आणि अंडी तिकडेच घालतात. हा मात्र इथला. नदीपात्रातली खडी, खाडीच्या मुखावरचे वाळूचे दांडे, असल्या जागी मार्च ते मे या काळात त्याची वीण होते.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही विचारताय की सावली आणि आडोसा सोडून उघड्यावर का. या पक्ष्यांबद्दल लोकांना हीच गोष्ट सगळ्यात उशिरा पटते, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. या पक्ष्याला लपायला जागा नको असते. त्याला चारी बाजूंनी लांबवर दिसेल अशी जागा हवी असते. लपायचं काम अंडी करतात, पहाऱ्याचं काम पक्षी करतो. झुडपात बसलेल्या पक्ष्याला मुंगूस दिसतं ते अगदी अंगावर आल्यावर. उघड्यावर बसलेल्याला ते बनातून बाहेर पडतानाच दिसतं.

आमच्या खाडीच्या दांड्यावर एका घरट्यासमोर मी दुर्बीण लावून बसलो होतो. सुरूच्या बनातून मुंगूस बाहेर आलं, घरट्यापासून चांगलं साठ-सत्तर पावलांवर. मला ते दिसायच्या आधी पक्षी उठला होता. उडाला नाही, ओरडला नाही. मान खाली घालून, भराभर पावलं टाकत आडवा चालत गेला. बराच लांब गेला आणि तिथून ओरडायला सुरुवात केली. मुंगूस त्या आवाजाकडे वळलं. अंडी मागे, कुणाचं लक्ष नसलेल्या वाळूवर. हे सगळं जमतं ते समोरची जागा मोकळी असेल तरच. म्हणजे जागेची निवड आणि हा डाव, दोन्ही एकमेकांवर अवलंबून आहेत.

दक्षिण स्पेनमध्ये एका खाऱ्या सरोवराकाठी केंटिश चिखल्यावर झालेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. हा आपल्या पक्ष्याचाच भाऊबंद. तिथे काही घरटी उघड्यावर होती, काही झुडपांच्या आडोशाला. आडोशाच्या घरट्यात ऊन कमी लागायचं, बसणाऱ्या पक्ष्याला आराम होता. पण तिथे बसलेला पक्षी स्वतःच शिकाऱ्याच्या तोंडी जाण्याचा धोका जास्त होता, कारण त्याला येणारा दिसत नव्हता. अंडी गेली तर पुन्हा घालता येतात. आईच गेली तर सगळं संपलं. म्हणून उन्हाचा त्रास सोसून हे पक्षी उघडी जागा घेतात.

जागा पाहतात ती अशी. आधी नर दोन-चार ठिकाणी खळगे करतो. छाती वाळूत दाबतो, पायांनी मागे वाळू उडवतो, गोल फिरतो, पुन्हा दाबतो. मग मादी येऊन एकेका खळग्यात बसून बघते. दिवसभर हा प्रकार चालतो, आणि शेवटी त्यातल्या एकात अंडी पडतात. तुम्ही आसपास लांबून बघितलंत तर अजून एक-दोन रिकामे खळगे दिसतील. जवळ जाऊन शोधू नका, एवढीच विनंती.

खळगा कुठल्या जमिनीवर, हेही तिच्या दृष्टीने महत्त्वाचं. झांबियामध्ये रातवे, धाविक आणि चिखल्या-टिटव्या या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांवर झालेलं एक काम २०१७ साली प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की प्रत्येक पक्षी आपापल्या रंगाला जुळणारी जमीन निवडतो. रातवा आपल्या पिसांना जुळणारी, चिखल्या आपल्या अंड्यांना जुळणारी. आणि हे फक्त जातीपुरतं नाही. एकाच जातीतल्या दोन माद्यांच्या अंड्यांत जो थोडाफार फरक असतो, त्यानुसार त्यांच्या जागाही वेगळ्या होत्या. तुमच्या पुळणीवर नुसती पिवळी वाळूही असेल, पण तिने शिंपल्यांचा चुरा आणि बारीक खडे मिसळलेला पट्टा घेतलाय. ठिपक्यांची अंडी नुसत्या वाळूवर उठून दिसली असती.

तिसरी गोष्ट पाणी. खाण्यासाठी ओली वाळू, चिखल जवळ हवा. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच चालायला लागतात आणि आपलं आपण टिपून खातात. आई-बाप भरवत नाहीत, फक्त राखण करतात आणि गार वाटलं की पोटाखाली घेतात. तेव्हा पिल्लांना पायी पोचता येईल इतक्या अंतरावर चिखल पाहिजे. खाडीचं तोंड म्हणूनच पसंत पडतं. आणि उन्हाळ्यात पाण्याचं आणखी एक काम असतं. भर दुपारी पक्षी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. टिटवीही हेच करते, तुम्ही पाहिलं असेल.

आता उधाण. पाण्याजवळ हवं आणि पाण्यात जायला नको, अशी ही कसरत आहे. पुळणीवर नीट पाहिलंत तर भरतीच्या दोन रेघा असतात. खालची ताजी, रोजच्या भरतीची, तिच्यात ओलं शेवाळ आणि फेस. वरची जुनी, मागच्या उधाणाने आणून टाकलेली, तिच्यात वाळक्या काटक्या, नारळाची सालटं, बाटल्या. या दोन रेघांच्या मध्ये घरटं असेल तर काळजी आहे. भांगाच्या दिवसांत, भरती कमी असताना, कोरडी वाळू बघून एखादी जोडी तिथे बसते आणि पुढच्या उधाणाला अंडी जातात. घरटं वरच्या रेघेच्याही वर असेल तर ती जागा तिने बरोबर घेतली आहे. तुमचं घरटं कुठे आहे, तेवढं लांबूनच बघून सांगा.

गुरुवारी पाणी कधी चढेल ते तुमच्या गावातले कोळी सांगतीलच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, आणि मोठं पाणी कधी कधी एक-दोन दिवस उशिरा येतं. मे महिन्यात वारा नसतानाही दक्षिणेकडून लांब लाटा येतात, तेव्हा हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा, इशारा असला तर तोही बघा.

आणि पाण्यात गेलीच अंडी, तर? तर ती जोडी पुन्हा खळगे करील आणि पुन्हा घालील. ते वाईट वाटण्यासारखं आहे, पण त्यांच्या हिशेबात ते धरलेलं आहे. तुमच्या झापाचा मात्र त्यांच्याकडे काही हिशेब नाही. झाप टाकलात की वर बघायची सोय गेली. काठी रोवलीत की कावळ्याला बसायला जागा झाली, आणि कावळा बसला की खाली बघणारच. लाल फडकं लावलंत की येणारा प्रत्येक माणूस "काय आहे इथे" म्हणून वाकून बघणार. दीर मनाने चांगले आहेत हे दिसतंय. त्यांना दुसरं काम सांगतो, ते खाली लिहीन.

नीलपंख

मास्तर, वाचताना भान हरपलं. दोन शंका. आमच्या घाटावरच्या गावी टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, खोलगट जागी घातली तर कमी, असं म्हातारी माणसं ठामपणे सांगतात. यात तथ्य आहे का? आणि "टिटवी देखील समुद्र आटविते" ही म्हण ज्या गोष्टीवरून आली, त्यातही टिटवी समुद्रकाठीच अंडी घालते आणि समुद्र ती नेतो. म्हणजे जुन्या लोकांनी हे सगळं पाहिलं होतं तर.

दुसरं, वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर हजारो पक्षी अंडी घालतात असं ऐकलंय. ते खडक का निवडतात?

मास्तर_देवगड

नीलपंख, पाहिलेलंच होतं. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला भरतीत वाहून गेलेली अंडी पाहायला लांब जावं लागत नाही.

पावसाच्या अंदाजाबद्दल मात्र मी तसं म्हणणार नाही. टिटवी मार्चपासून अंडी घालायला लागते, पाऊस त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. त्याच गावात एक टिटवी बांधावर बसते आणि दुसरी तळ्याच्या सुकलेल्या काठावर बसते, त्याच वर्षी. मग कुणाचं ऐकायचं? टिटवीला खडे आणि मोकळी नजर हवी असते. ती रुळांच्या खडीत घालते, घराच्या गच्चीवरच्या खडीतही घालते. गच्ची उंच आहे म्हणून नव्हे, तिथे खडी आहे आणि मांजर येताना दिसतं म्हणून. पण या समजुतीमुळे शेतकरी नांगरताना टिटवीचं घरटं शोधतो, बघतो आणि त्याला वळसा घालून नांगर नेतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेवढ्यासाठी ती समजूत मला प्रिय आहे.

वेंगुर्ला रॉक्सचं गणित अगदी निराळं. तिथे सुरय पक्षी अंडी घालतात. त्यांनी प्रश्न मुळापासून सोडवलाय. मुंगूस, कोल्हा, कुत्रा, मांजर यांतलं काही जिथे पोचतच नाही अशी जागा घेतली. हुमायून अब्दुलाली यांनी १९४० च्या दशकातच बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) नियतकालिकात तिथल्या सुरयांबद्दल आणि पाकोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय. त्यातही गंमत बघा, एकाच बेटावर जागा वेगवेगळ्या. ब्रायडल्ड सुरय कपारीत, दगडाच्या खाली सावलीला एकच अंडं घालतो. तिथे त्याला मुंगसाची भीती नसल्यामुळे आडोसा परवडतो. मोठा तुरेवाला सुरय उघड्या कातळावर एकमेकांना खेटून वस्ती करतो, चोच पोचेल एवढंच अंतर ठेवून. इतक्या डोळ्यांतून आणि चोचींतून घारीला आत शिरणं अवघड.

चिखल्या याच्या बरोबर उलट, एकेकटा, लांब लांब. कारण त्याच्याकडे मारायला चोच नाही. त्याची भिस्त कुणाच्या लक्षात न येण्यावर. एका घरट्याचा शोध लागला म्हणून शेजारचं सापडू नये, एवढं अंतर हवं.

मालवणी_चेडू

मास्तरांनू, सगळा पटला. पण कुत्र्यांचा काय करूचा? आमच्या पुळणीर रापण ओढली की वीस-वीस कुत्रे जमतत. चिखल्याची अंडी एका रात्रीत साफ. कुंपण घालूक नको म्हणतास, मग?

मास्तर_देवगड

बाय, तू मुळावर बोट ठेवलंस. कुत्रे आणि कावळे आपण पोसलेत. रापणीच्या जाळ्यातली बारीक मासळी वाळूवर तशीच टाकून देतो. पर्यटक भेळेच्या पुड्या टाकतात. खानावळींचं उष्टं सुरूच्या बनात जातं. त्यावर कावळे आणि कुत्रे वाढतात आणि वीण सुरू झाली की अंड्यांवर ताव मारतात. आमचे आजोबा रापणीतली नको ती मासळी परत पाण्यात लोटायचे. पक्ष्यांसाठी नव्हे, पुळणीवर घाण नको म्हणून. पण त्या काळी इतके कुत्रे पुळणीवर नव्हते हेही खरं.

कुंपण घालायचंच तर घरट्याभोवती नको, वाटेवर घाला. घरट्यापासून पन्नासेक पावलं लांब, माणसं आणि गाड्या जिथून पुळणीवर उतरतात तिथे. ताई, तुमच्या दिरांचं काम हे. जुना ओंडका, मोडकी होडी, काहीही आडवं टाकायचं. उभं काही नको, कावळ्यासाठी. लोकांनी विचारलं तर "इकडे कासवांचं काम चालू आहे" म्हणून सांगू नका, खरं ते सांगा. आपल्याकडची माणसं ऐकतात. वेळासला आधी कासवाची अंडी विकली जायची, आणि त्याच गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम उभं केलं. पुढे २००६ पासून तिथे कासव महोत्सव होऊ लागला. चिखल्याचा महोत्सव कुणी करू नये, ती वेगळी गोष्ट. त्याला गर्दी मानवत नाही.

भर दुपारी त्या बाजूला कुणी फिरकू नये, हे सगळ्यांत महत्त्वाचं. पक्षी घाबरून उठला आणि तुम्ही तिथेच उभे राहिलात, की अंडी उघडी पडतात. आत वाढणाऱ्या पिल्लाला सदतीस-अडतीस अंश मानवतात. एप्रिल-मेमधली दुपारची वाळू पन्नासच्या घरात जाते, अनवाणी चालून बघा. पक्षी अंड्यांवर दुपारी बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. पुष्कळदा तर बसतच नाही, पाय ताणून अंड्यांवर उभा राहतो. तुम्ही फोटोसाठी चार-पाच मिनिटं थांबलात, तरी त्याची सावली तेवढा वेळ गेली.

पुळणीवरची

मास्तर, मनापासून आभार. सगळं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. झाप रद्द. दीर आणि शेजारचे दोघं मिळून खाडीकडच्या उतारावर जुनी मोडकी होडी आडवी टाकून आले. दोन रविवारी चारचाकी घेऊन मुलं थेट ओल्या वाळूपर्यंत जात होती, चाकांचे पट्टे घरट्यापासून फार लांब नव्हते. आता ते बंद झालं. एका गाडीवाल्याने वाद घातला, पण सासूबाई पुढे आल्यावर गप्प बसला.

रेघा बघितल्या. घरटं वरच्या जुन्या रेघेच्याही वर आहे, मर्यादवेल सुरू होते तिच्या आणि रेघेच्या मधोमध. पौर्णिमेच्या दुसऱ्या रात्री पाणी सगळ्यात वर आलं. सकाळी पाहिलं तर नवी रेघ जुन्या रेघेवर चढून हातभर वर गेलेली, आणि घरटं तिच्यापासून दीड हात वर. बारीक फेस सुकल्याच्या खुणा अगदी जवळ होत्या. पक्षी बसलेला होता. म्हणजे मर्यादवेल जिथवर येते तिथवर समुद्र येतो, हे तिला बरोबर ठाऊक असतं का हो?

मास्तर_देवगड

दीड हात! छान झालं. तिला वेलीचं नाव-गाव ठाऊक नसणार. पण वेल तिथेच टिकते जिथे खारं पाणी क्वचितच पोचतं, आणि वाळू कोरडी, सैल, स्थिर असते. पक्ष्याला तीच कोरडी वाळू हवी, पण वेलीच्या आत नको, कारण आत बसलं की दिसत नाही. म्हणून वेलीची कड आणि भरतीची रेघ यांच्यामधला हा पट्टा त्यांचा. आपल्या किनाऱ्यावर नेमका हाच पट्टा आक्रसत चाललाय. एका बाजूने धूपप्रतिबंधक बंधारा, दुसऱ्या बाजूने लाट, मध्ये कोरडी वाळू उरतच नाही. जिथे बंधारा नाही तिथे सुरू लावत लावत थेट रेघेपर्यंत आणलेला. सुरू वाऱ्याला अडवतो, त्याचा उपयोग आहे, पण पुळणीच्या अगदी तोंडाशी लावला की कावळ्यांना रांगेने बसायला फांद्या मिळतात. ग्रामसभेत बोलायची संधी आली तर तेवढं जरूर सांगा, की रेघेपासून मागे मोकळी वाळू ठेवा.

गेल्या हंगामात पिल्लं निघालेली जोडी पुष्कळदा त्याच भागात परत येते, अंडी नासलेली जोडी जागा बदलते. तेव्हा यंदा जमलं तर पुढच्या वर्षी त्याच दांड्यावर लक्ष ठेवा.

पुळणीवरची

मास्तर, काळजीत आहे. आज सकाळी लांबून दुर्बिणीने बघितलं, दुर्बीण कासवमित्रांनी पाठवली, त्यांचेही आभार. खळगा रिकामा. अंडी नाहीत, आणि टरफलंही नाहीत. कुत्र्याने नेली असतील का? माझ्या हिशेबाने दिवस भरत आले होते, पण पिल्लं निघाली असती तर टरफलं राहिली असती ना?

मास्तर_देवगड

ताई, टरफलं नाहीत हे उलट चांगलं लक्षण असू शकतं. पिल्लू बाहेर आलं की आई-बाप मोठी टरफलं चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. आतली पांढरी बाजू लांबून चमकते, कावळ्याला खूण मिळते, म्हणून. कुत्र्याने खाल्ली असती तर वाळू उकरलेली, पावलांचे ठसे, कदाचित पिवळ्या बलकाचे ओघळ दिसले असते. कावळा बहुधा अंडं उचलून दुसरीकडे नेतो, तेव्हा त्यातून काही कळत नाही.

खात्री करायची तर अशी करा. उन्हं कलल्यावर, एकटीनेच, एकदाच खळग्याजवळ जा. शिंपल्यांच्या चुऱ्यात बारीक बारीक, टाचणीच्या डोक्याएवढे टरफलाचे तुकडे दिसतात का बघा. पिल्लू आतून चोचीने फोडताना ते पडतात आणि आई-बापांना उचलता येत नाहीत. ते असतील तर पिल्लं निघाली. मग लगेच मागे फिरा, आलात त्याच वाटेने, पावलं बघत. आई-बाप आसपास ओरडत, लंगडत असतील तर पिल्लं जवळच आहेत. ती अंग टाकून वाळूला चिकटून पडून राहतात, डोळ्यांसमोर असली तरी दिसत नाहीत.

पुळणीवरची

आहेत! बारीक तुकडे आहेत, चार-पाच तरी मोजले. आणि दोन्ही पक्षी खाडीच्या चिखलाकडे ओरडत होते. एकाने पुन्हा तोच पंख ओढायचा प्रकार केला. पिल्लं दिसली नाहीत, मी शोधलीही नाहीत. सासूबाई म्हणतायत, मास्तरांना जेवायला बोलव.

मास्तर_देवगड

येतो, पावसाआधी येतो. तोवर एवढं सांभाळा. पिल्लांना उडता यायला साधारण साडेतीन आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस ती पायीच असतात, कोरडी वाळू ते चिखल आणि परत. तेव्हा होडी आहे तिथेच आडवी राहू दे. तिसऱ्या काढायला जाल तेव्हा खाडीच्या दुसऱ्या काठाने जा. घरचा कुत्रा असेल तर पहाटे आणि संध्याकाळी बांधून ठेवा, शेजाऱ्यांनाही सांगा. गाडीच्या चाकाच्या पट्ट्यात पिल्लू शिरलं तर त्याला बाहेर चढता येत नाही, म्हणून कुणी तरी गाडी नेलीच तर ते पट्टे पायाने मोडून टाका. आणि दिरांनी काढलेले फोटो कुठेही टाकायचे असतील तर जागेची माहिती काढून, वीण संपल्यावर टाका.